जुना ड्रायव्हर साफ करताना: वर्कक्यू की थ्रेडेड इंटरप्ट?

उपकरण इंटरप्टनं (लक्ष वेधणाऱ्या इशाऱ्यानं) हाक मारतं, तेव्हा ड्रायव्हर तातडीचं तेवढं लगेच आटपतो आणि बाकीचं काम पुढे ढकलतो. त्यासाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) टास्कलेट, वर्कक्यू (सामाईक थ्रेड उपसतात ती कामांची रांग) आणि थ्रेडेड इंटरप्ट (त्या इंटरप्टसाठीच राखलेला थ्रेड) असे मार्ग आहेत. टास्कलेट आता नव्यानं घेऊ नका. कर्नलच्या हेडर फाईलमध्येच तो कालबाह्य ठरवून थ्रेडेड इंटरप्ट सुचवला आहे. उरतात दोघं. वरूडकडच्या संत्राबागांत विहिरीची पातळी आणि पंपाची वीज बघणाऱ्या बोर्डाचा जुना ड्रायव्हर माझ्याकडे आला, तेव्हा मलाही यांतूनच निवडायचं होतं.

वर्कक्यू लवचीक आहे, यात वाद नाही. काम थोड्या वेळानं करा, पुन्हा करा, इंटरप्टशिवाय दुसरीकडून सुरू करा, सगळं जमतं.

वर्कक्यूवरून माझं मन उडालं ते एका गोष्टीनं. आमची चिप आय-टू-सी या दोन तारांच्या बसवर, इंटरप्ट लेव्हलचा, म्हणजे चिप इंटरप्टची लाईन धरून ठेवते तोवर तो उभाच राहतो. स्टेटस वाचल्याशिवाय लाईन सुटत नाही, आणि आय-टू-सी वाचताना झोपावं (थांबून वाट बघावी) लागतं, म्हणजे हार्ड हँडलरमध्ये (इंटरप्ट येताच चालणाऱ्या फंक्शनमध्ये, जिथं झोपता येत नाही) वाचता येत नाही. म्हणून जुना कोड हँडलरमध्ये इंटरप्ट बंद करायचा, काम रांगेत टाकायचा आणि कामाच्या शेवटी तो पुन्हा चालू करायचा. मध्येच वाचन फसून फंक्शन लवकर परतलं, की चालू करणं राहून जायचं. बोर्ड जिवंत, नेटवर्क ठीक, लॉग कोरा, आणि इंटरप्ट मेलेला. अंबिया बहराचा ताण तोडायच्या, म्हणजे संत्र्याचं रोखलेलं पाणी पुन्हा सुरू करायच्या दिवसांत रात्री पंपाची थ्री फेज वीज यायची आणि नोंदच नसायची. शेतकरी बॅटरी घेऊन अंधारात वावरात जायचा. ते मला फार लागायचं.

थ्रेडेडमध्ये बंद-चालूची ही जोडी हातानं सांभाळावीच लागत नाही. वनशॉट फ्लॅग दिला की थ्रेडचं काम होईपर्यंत लाईन कर्नलच मास्क करून (बंद) ठेवतो; फंक्शन कुठूनही परतो. वाचन फसलं तरी चिपनं लाईन धरलेलीच असते, म्हणून थ्रेड पुन्हा उठतो. शिवाय तो पीएस या कमांडच्या यादीत आयआरक्यू (इंटरप्ट) नंबर आणि नावासकट दिसतो, त्यामुळे फोनवरूनही विचारता येतं. वर्कक्यूची कामं करणाऱ्या केवर्कर थ्रेडच्या गर्दीत कोणतं काम कोणाचं, हे सांगणं अवघड. आणि थ्रेडेड इंटरप्ट २००९ च्या २.६.३० कर्नलपासून आहे, तेव्हा बोर्डासोबत आलेला कर्नल बराच जुना असला तरी बहुधा मिळेल.

तुमचं उपकरण वेगळं असेल तर हिशेबही वेगळा. पण चिप आय-टू-सी किंवा एसपीआय या तशाच बसवर असेल, तर मी तरी थ्रेडेडच घेईन. फक्त थ्रेडमध्ये जड गणित ठेवू नका. तो फिफो ५० या रिअल-टाइम प्राधान्यानं, म्हणजे साध्या कामांच्या आधी धावतो, एकाच कोरच्या बोर्डावर बाकी सगळं अडतं. तेवढा भाग वर्कक्यूकडे द्या.