‘आपलाच माणूस’ म्हणून ग्रूपचं काम दिलं आणि ८९,४३० रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकते. ८९,४३० रुपये. त्यातले ६३,६०० ग्रूपचे, म्हणजे २१२ जणांचे प्रत्येकी ३००. उरलेले २५,८३० माझ्या पेन्शनमधले. शिवाय त्या २१२ जणांची नावं, फोन नंबर आणि घरचे पत्ते. पैशांचं रडगाणं पुढे गाणारच आहे, पण रात्री झोप उडते ती त्या यादीमुळे.

आमचा ग्रूप गच्चीत आणि बाल्कनीत भाज्या-फुलं लावणाऱ्यांचा. ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक, काही इंदूरचे, दोघी-तिघी न्यू जर्सीच्या. सुरुवात याहू ग्रूपवर झाली होती. डिसेंबर २०२० मध्ये याहूने ग्रूपच बंद केले, जुना मजकूर तर त्याआधीच गेला होता. देशी वांग्याच्या बियाण्यांची आमची सगळी टिपणं त्यात गेली. मग फेसबुक, मग व्हॉट्सॲप. व्हॉट्सॲपवर एका ग्रूपात २५६ माणसांची मर्यादा होती तेव्हा आम्ही दोन ग्रूप केले. २०२२ मध्ये ती मर्यादा ५१२ आणि मग १०२४ झाली, पण तोवर दोन्हीकडे आपापले मानपान तयार झाले होते, एकत्र कोण येणार! दर जूनला कोणीतरी विचारणार की कढीपत्त्याची पानं पिवळी का पडतात, आणि दरवेळी नव्याने उत्तर लिहायचं, कारण जुनं उत्तर ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांखाली गाडलेलं. तेव्हा शोधता येईल अशी, आपली स्वतःची जागा हवी, बियाण्यांच्या देवाणघेवाणीची नोंद तिथेच राहावी, ही मागणी काही चुकीची नव्हती. हे आधीच लिहिते, कारण ‘हवं कशाला होतं हे थेर’ असं ऐकवणारे आता पुष्कळ झालेत.

फेसबुकवर आम्ही विचारणा टाकली आणि त्याखालीच हा, ‘तुमचं संकेतस्थळ बनवून देतो’ म्हणणारा, उगवला. अस्खलित मराठी. बोलण्यात इंग्रजी जेमतेम. ‘मराठी ग्रूपची जागा मराठी माणसाच्या हातात असावी, फेसबुकने उद्या याहूसारखं केलं तर?’ आमच्या वर्मावर बोट ठेवलं त्याने. आजी बाल्कनीत अळू लावायची म्हणे. आधी मला मॅडम म्हणायचा, मग ताई, दुसरा हप्ता गेल्यावर मावशी. मॅडमची मावशी झाली की पर्स घट्ट धरा.

त्याचं म्हणणं, सॉफ्टवेअर स्वतः बनवलेलं, कंपनी नाशिकची, आठ वर्षांचा अनुभव. तीन वर्षांचे ७२,००० होतात, पण मराठी ग्रूप म्हणून ५८,५००, वर जीएसटी. आमच्या पाच जणांच्या समितीतले एक काका म्हणाले, ‘अहो, डिस्कोर्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, माझा भाचा बसवून देईल.’ काकांचा हा भाचा आजवर गीझरपासून गाडीपर्यंत सगळं करून देणार होता, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. यात माझा एकटीचा दोष नाही. बैठकीच्या इतिवृत्तात पाचही जणांच्या सह्या आहेत.

२५,००० आगाऊ पाठवले. मग त्याने प्रात्यक्षिक दाखवलं, आणि इथे मला थांबायला हवं होतं.

झूमवर त्याने स्क्रीन उघडला. वर आमच्या ग्रूपचं नाव, झेंडूच्या रंगात. त्याच्याही वर एक बारीक पिवळी पट्टी होती आणि तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की चाचणीचे ९ दिवस शिल्लक आहेत. मी वाचलं. मोठ्याने विचारलंसुद्धा, ‘हे कसले नऊ दिवस?’ तो एक क्षणही अडखळला नाही. ‘ताई, ते आमच्या टेस्टिंग टीमसाठी असतं, लाइव्ह केलं की जाईल,’ म्हणाला आणि पान खाली सरकवलं. आणि खाली काय, तर माझीच पोस्ट. जास्वंदीवरच्या मिलीबगवर लिंबोळी तेल, एक लिटर पाण्यात ५ मिली, वर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, फवारणी ऊन उतरल्यावर. सोबत माझ्या जास्वंदीचा फोटो. याहूवर लिहिलेलं गेलं म्हणून फेसबुकवर पुन्हा लिहिलेली ती पोस्ट होती, आणि ती पहिल्या पानावर, ‘विशेष’ असा शिक्का मारून. बाकीचे चौघे ‘वा’ म्हणाले. पट्टी विसरली गेली. त्याच संध्याकाळी ३३,५०० पाठवले.

सांगायचं म्हणजे त्या पट्टीतच सगळं होतं. एका परदेशी कंपनीची १४ दिवसांची मोफत चाचणी त्याने आमच्या नावाने सुरू केली होती, आमच्या चाळीसेक पोस्ट हाताने चिकटवल्या होत्या आणि तेच तीन वर्षांसाठी विकलं होतं. आतलं सॉफ्टवेअर कुठलं? डिस्कोर्स. काकांच्या भाच्याने पाच मिनिटांत ओळखलं. काका तेव्हापासून माझ्याशी फार प्रेमाने बोलतात, ते जास्त लागतं.

मग आलं बिल. जीएसटीचे १०,५३०. मी ३१ वर्षं बँकेत काढली, करंट अकाउंट उघडायला येणाऱ्यांचे हेच कागद तपासले. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७. या बिलावर पत्ता नाशिकचा आणि क्रमांक २४ ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा. कर मात्र सीजीएसटी ५,२६५ आणि एसजीएसटी ५,२६५, म्हणजे व्यवहार राज्यातल्या राज्यात! बिल फोनवर आलं होतं, अक्षरं मुंगीएवढी, आणि घरात नातवाचा ताप. पण नंतर जीएसटीच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक टाकला तर सुरतेच्या एका कापड व्यापाऱ्याचा निघाला. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. हे शोधायला लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. तुम्ही बिल हातात पडताच करा.

पुढे ‘सर्व्हरचं परत मिळणारं डिपॉझिट’ म्हणून १२,०००. परत मिळणारं, असं जो आपणहून सांगतो तो ते परत देत नाही. हे पैसे दुसऱ्याच यूपीआय आयडीवर मागितले, नाव भलत्याच माणसाचं दिसत होतं, तर म्हणे ‘आमचा अकाउंटंट’. आणि शेवटचे ८,४०० कशाचे, तर फेसबुकवरचा आमचा सगळा मजकूर आपोआप उचलून आणण्याचे. एप्रिल २०२४ पासून फेसबुकने बाहेरच्या सॉफ्टवेअरला ग्रूपमध्ये शिरायची वाटच बंद केली आहे. म्हणजे जे होऊच शकत नाही त्याचे ८,४००. व्हॉट्सॲपवरून गप्पा बाहेर काढता येतात, पण एका वेळी फोटोंशिवाय ४०,००० आणि फोटोंसकट १०,००० निरोप, एवढंच. ‘सगळं आणून देतो’ म्हणणाऱ्याला विचारा, कसं आणणार? उत्तर ऐकून दुसऱ्या कोणाला तरी दाखवा.

फेसबुकवर ॲडमिन करा, म्हणून तो मागे लागला होता. ते मी केलं नाही. तेवढी अक्कल होती. म्हणून मग त्याने ‘निदान सभासदांची यादी द्या, खाती उघडतो’ म्हणून एक्सेल मागितली आणि मी दिली. बियाण्यांची पाकिटं पोस्टाने जातात म्हणून त्या यादीत इमारतीच्या नावासकट पत्ते होते.

चाचणी संपली, पान बंद झालं. माझ्या निरोपांना एकच टिक, त्याचा फोटो गायब. दोन दिवस मी ‘काही अडचणीत असेल’ म्हणत बसले. पैसे गेल्यावर पहिले काही तास महत्त्वाचे असतात, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करायचा असतो, हे मी लोकांना सांगत आले आहे. तरी लाज वाटत होती. लाजेपायी थांबू नका, तोवर पैसे चार खाती फिरून येतात.

यादीचे परिणाम लगेच दिसले. सभासदांना नावानिशी फोन. ‘अमुक सोसायटीत राहता ना, टेरेस गार्डनला सरकारी अनुदान आहे.’ आमच्या एका आजींना कुरियरवाल्याचा फोन, ‘तुमचं बियाण्यांचं पार्सल अडकलंय, पत्ता पक्का करायला ५ रुपये भरा.’ बियाण्यांचं पार्सल! ही माहिती आमच्या यादीशिवाय कुठून जाणार? त्यांचा मुलगा घरी होता म्हणून निभावलं.

आता पोलिस. आमच्या हद्दीतल्या ठाण्यातला हा संवाद.

‘पैसे कोणी पाठवले?’
‘मी.’
‘जबरदस्ती केली?’
‘नाही.’
‘काम दाखवलं होतं त्याने?’
‘दाखवलं होतं.’
‘मग बाई, हे दिवाणी झालं. वकील बघा.’

मी म्हटलं, सुरुवातीपासून खोटं बोलून पैसे घेतले तर ती फसवणूक, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, आणि दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक वापरलाय. तर विचारलं, ‘तुम्ही वकील आहात का?’ मग नवा मुद्दा. संस्था नोंदणीकृत आहे का? नाही? मग पैसे कोणाचे? २१२ जणांचे तर २१२ जणांनी यायला पाहिजे. म्हणजे ३०० रुपयांसाठी न्यू जर्सीहून विमानाने. मग म्हणे कंपनी नाशिकची, तुम्ही नाशिकला जा. गुन्हा कुठेही घडो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, शून्य क्रमांकाने घेऊन पुढे पाठवायचा असतो, हे आता कायद्यातच लिहिलंय. लिहिलंय, पण भिंतीवर नाही लावलेलं. नाशिकच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवलं, ते ‘असा पत्ता नाही’ म्हणून परत आलं. तो लिफाफा दाखवला तर साहेब म्हणाले, ‘बघा, मग आम्ही तरी कुठे शोधणार?’ बाहेर बाकावर बसले असताना एका हवालदाराने मात्र मोगऱ्याला कळ्या का येत नाहीत ते विचारून घेतलं. छाटणी करा आणि ऊन द्या म्हटलं. माझा अर्ज घेतला नाही, माझा सल्ला घेतला.

बँकेत, ‘ओटीपी कोणाला दिला होता का?’ नाही. ‘मग व्यवहार अधिकृत आहे.’ रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाला संरक्षण होतं ते अनधिकृत व्यवहारांत. आपल्या हाताने पाठवलेल्यात नाही. हे वाक्य मी काउंटरच्या आतून कितीतरी जणांना ऐकवलंय, तेही अशाच थंड आवाजात.

१९३० च्या तक्रारीवरून एका खात्यात ३,१७० रुपये गोठवले गेले. ते सोडवायला तेव्हा न्यायालयाचा आदेश लागत होता. वकिलाने त्याची फी सांगितली ५,०००.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, तिकडे अर्ज करायचाय. पण नोटीस पाठवायला पत्ता हवा, आणि त्याच्याकडे पत्ता नाही. म्हणून काम देण्याआधी त्या पत्त्यावर एक साधं पत्र स्पीड पोस्टने पाठवून पाहा. त्याच्या संकेतस्थळाचं नाव हूइजवर टाका, ते नाव कधी नोंदलं ते तिथे दिसतं. ‘आठ वर्षांचा अनुभव’ असलेल्याचं आम्हाला भेटण्याआधी तीन आठवडे नोंदलेलं होतं. तुमच्या ग्रूपच्या जागेचं नाव तुमच्याच ईमेलने घ्या, कोणी ‘आम्ही घेतो’ म्हणालं तर नको म्हणा. पैसे तीन वर्षांचे कधीच देऊ नका, महिन्याचे द्या. यादी द्यावीच लागली तर ईमेलपुरती द्या. आणि समितीत एकाचं तरी भाच्याशी बरं असू द्या.

२१२ जणांचे ३०० मी परत करते आहे, महिन्याला जमतील तसे. ज्यांनी ‘राहू दे ताई’ म्हटलं त्यांचेही. नवी जागा भाचा उभारतोय. सर्व्हरचं भाडं कार्यकारिणीतल्या दुसऱ्या कोणाच्या तरी कार्डावरून जाईल, मी हात लावणार नाही.

मराठी ग्रूप, झेंडूच्या रंगाचं पान, ‘आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर’, परत मिळणारं डिपॉझिट, २४ ने सुरू होणारा क्रमांक, असं काही तुमच्याकडे आलं असेल आणि पैसे दिले असतील, तर रक्कम कितीही छोटी असो, १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक त्यात नक्की लिहा. एकाच खात्यावर तक्रारी साठल्या तर निदान ‘दिवाणी आहे’ म्हणून आपल्याला परत पाठवणं त्यांना अवघड जाईल.