डिझेल आणि पाण्याच्या नळ्या: मासेमारीच्या एका हंगामानंतर

गेल्या मासेमारीच्या पावसाळी बंदीत बोटीतल्या जवळजवळ सगळ्या नळ्या बदलल्या. १ जून ते ३१ जुलै एवढाच वेळ मिळतो. बोट आंजर्ल्याच्या खाडीत शाकारलेली, म्हणजे पावसासाठी झाकून ठेवलेली, आणि मिस्त्री सगळ्यांना एकदमच हवा. ऑगस्टपासून बोट हर्णैहून मासेमारीला जातेय. आता मे उजाडला, तेव्हा काय टिकलं आणि काय नाही ते सांगता येईल. बोट फायबरची, सहा सिलिंडरचं इनबोर्ड डिझेल इंजिन, समुद्राच्या पाण्याने इंजिन थंड ठेवणारा हीट एक्स्चेंजर आणि खलाशांच्या पिण्याच्या पाण्याची काळी टाकी.

आधी डिझेलचं. बंदरात अजूनही कित्येक बोटींवर डिझेलला पारदर्शक पीव्हीसी नळी असते. स्वस्त, कुठेही मिळते आणि आतलं डिझेल दिसतं. नवी असताना ती मऊ असते कारण तिच्यात प्लास्टिसायझर असतो, आणि डिझेल नेमका तोच ओढून घेतं. मग नळी पिवळी पडते, कडक होते आणि क्लिपपाशी चिरते. चीर पंपाच्या ओढीच्या बाजूला असेल तर डिझेल बाहेर गळतही नाही, उलट हवा आत शिरते. इंजिन एअर घेतं, आरपीएम वरखाली होतात, आणि फिटर बिचारा फिल्टर बदलत बसतो.

म्हणून खरेदीच्या आधी एक साधा प्रयोग केला. वेगवेगळ्या नळ्यांचे सारख्या लांबीचे तुकडे डिझेलच्या बाटलीत पंधरवडाभर बुडवून ठेवले, मग बाहेर काढून वाळू दिले. पीव्हीसीचा तुकडा काडीसारखा ताठ झाला. रेडिएटरच्या काळ्या नळीचा तुकडा फुगून लांब झाला, कारण ती ईपीडीएम रबराची असते. गरम पाण्याला उत्तम, डिझेलला निरुपयोगी. नायट्राइल रबराचा तुकडा होता तसाच राहिला. पंचाईत अशी की ईपीडीएम आणि नायट्राइल दोन्ही काळ्याच, दुकानात शेजारीशेजारी लटकतात आणि काउंटरवरचा पोऱ्या ‘सब चलता है’ म्हणतो. नळीवरचा छाप वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेवटी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आयएसओ ७८४०, ए१ असा छाप असलेली मरीन फ्युएल होज आणली. यातला ‘ए’ म्हणजे आगीची चाचणी: ज्वाळेत अडीच मिनिटं धरली तरी नळी गळता कामा नये. ‘१’ हा आकडा नळीच्या अंगातून इंधन किती झिरपतं त्याचा, म्हणजे चौरस मीटरमागे २४ तासांत १०० ग्रॅमपेक्षा कमी. किंमत साध्या नळीच्या कैक पट. तरी माझ्या मते या सगळ्या खर्चात वसूल झालेली हीच. इंजिनरूममधला डिझेलचा वास जवळजवळ गेला, आणि हंगामभरात एअर काढण्यासाठी स्पॅनर हातात घ्यावा लागला तो फक्त फिल्टर बदलल्यावर.

सगळीकडे मात्र रबर टाकलं नाही. टाकीपासून इंजिनरूमच्या भिंतीपर्यंत जुनी तांब्याची लाइन होती, ती ठेवली. तांब्याबद्दल दोन तक्रारी असतात. एक, डिझेल नुसतं पडून राहिलं तर तांब्यामुळे ते लवकर खराब होतं, चिकटा धरतो. हे खरं आहे, पण हंगामात टाकी सतत रिकामी होते आणि भरते. प्रश्न बंदीतल्या दोन महिन्यांचा, म्हणून लाइन रिकामी करूनच बोट शाकारायची. दुसरी तक्रार जास्त गंभीर: कंपनाने तांबं कडक होत जातं आणि एक दिवस फ्लेअर नटाच्या, म्हणजे जोडावरच्या नटाच्या, मागे तडकतं. त्यावर इलाज म्हणून लाइन जागोजागी रबरी अस्तराच्या क्लॅम्पने भिंतीला बांधली आणि इंजिनकडचा शेवटचा हातभर तुकडा लवचिक होजचा ठेवला. तडा गेला नाही. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप मात्र डिझेलला मुळीच नको. जस्ताचा साबणासारखा गाळ होतो आणि तो फिल्टर-इंजेक्टरपर्यंत पोचतो.

आता क्लिपांकडे वळू, कारण नळीवर एवढा खर्च करून लोक क्लिपवर वीस रुपये वाचवतात. स्टेनलेस म्हणून घेतलेल्या क्लिपचा पट्टा चकचकीत राहतो आणि स्क्रू गंजून तुटतो. खिशात चुंबक ठेवा, स्क्रूला कडकडून चिकटलं तर ती क्लिप परत द्या. ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या, पट्ट्याला आरपार खाचा नसलेल्या क्लिप हंगामभर जशाच्या तशा आहेत. पाण्याच्या पातळीखाली दोन क्लिप लावायच्या हा नियम बरोबर, पण नळी चढवायचं तोंड तेवढं लांब हवं. तोंड आखूड असेल तर दुसरी क्लिप हवेत आवळली जाते आणि नळीच कापते.

इंजिन थंड ठेवणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या लाइनवर निकाल संमिश्र. सक्शनला स्टीलची स्प्रिंग असलेली पारदर्शक पीव्हीसी नळी मिस्त्रीच्या आग्रहाने टाकली होती. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात इंजिनरूम तापली तशी ती मऊ पडली, वळणावर चपटी झाली आणि तापमानाचा काटा वर चढला. कापलेल्या टोकाशी स्प्रिंगलाही गंज धरला होता. दिवाळीनंतर तिथे तार घातलेली जाड रबरी वॉटर होज आली, तेव्हापासून काटा जागचा हलला नाही. पितळी सी-कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी बोटीत घेणारा तळाचा व्हॉल्व्ह, आम्ही बंदीतच काढला होता. खरवडून पाहिला तर आतून गुलाबी. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि भुसभुशीत तांबं उरतं. त्या जागी गनमेटलचा, म्हणजे एका प्रकारच्या काशाचा, बसवला. यात काटकसर करायची नसते, बोट तिथूनच बुडते.

गोड्या पाण्याला पेक्स, म्हणजे वाकणारा प्लास्टिकचा पाईप घेतला. सीपीव्हीसीचा ताठ प्लास्टिक पाईप घरात ठीक, बोटीच्या हादऱ्याला त्याचे चिकटवलेले जोड मला भरवशाचे वाटत नाहीत. पेक्स वळतो, जोड हाताने दाबून बसतात; फक्त टोक काटकोनात कापायचं आणि आतली बाही विसरायची नाही. पूर्वी बागेची हिरवी नळी होती, तिचा वास चहाला यायचा. तो गेला म्हणून खलाशी खूश, बोट चालवणारे तांडेलकाका तर पहिल्याच फेरीत म्हणाले, “आता चहाची चव लागते बघ.” दोन तोटे सांगतो. पेक्सला ऊन सोसत नाही, म्हणून डेकवरचा तुकडा कंड्युटमध्ये, म्हणजे बाहेरच्या संरक्षक नळीत, घालावा लागला. आणि उंदीर. जेटीवरून चढलेल्या उंदराने केबिनखालचा पाईप कुरतडला आणि अर्धी टाकी तळात सांडली. तिथे आता जाळीचं वेष्टण आहे.

येत्या बंदीत एकच काम उरलंय. डिझेलची रिटर्न लाइन, म्हणजे इंजिनातलं उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी, सायलेन्सरच्या फार जवळून गेली आहे; डिझेल गरम, वरून सायलेन्सरची धग, त्यामुळे तिथली होज दाबून पाहिली तर बाकीच्यांपेक्षा कडक लागते. नळी तीच घेणार, रस्ता बदलणार.