सांदण दरीची ‘सोपी’ सहल: पैसे पूर्ण, दरी अर्धी

जाहिरातीत तीन गोष्टी ठळक होत्या. सोपा ट्रेक, एका दिवसात परत, आणि ‘आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी’. भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीच्या बहुतेक जाहिरातींत ही तिसरी ओळ असते. मोजली कोणी आणि पहिली कुठली, असं मी लीडरला विचारलं, तर म्हणाला, “काकू, गूगल करा ना.” तेव्हा आम्ही भंडारदऱ्याच्या पुढे होतो आणि मोबाइलला रेंज नव्हती.

आयोजकांचं नाव लिहीत नाही, कारण अशा बॅचेस नेणारे ढिगाने आहेत आणि तऱ्हा साधारण हीच. डोंबिवलीहून रात्री बस निघाली. पहाटे शेंडीला पोचल्यावर कळलं, की बस इथपर्यंतच. पुढे दरीजवळच्या साम्रद गावाला जीपने जायचं आणि जीपचे पैसे वेगळे. अभयारण्याची प्रवेश फीसुद्धा वेगळी. ‘जाता जाता अमृतेश्वर मंदिर’ असंही छापलं होतं. हे देऊळ रतनवाडीत आहे. जीप रतनवाडीवरूनच गेली, पण उशीर झालाय म्हणून देवळाकडे वळलीच नाही. ज्यासाठी मी खरं तर हो म्हटलं होतं, ते तिथेच राहिलं.

दरीबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगते. साम्रद गावातून सपाट माळावरून चालत जातो आणि पुढ्यात जमीन एकदम फाकलेली दिसते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात पडलेली भेग ओढ्याच्या पाण्याने कोरत कोरत कोकणापर्यंत नेली आहे. आत उतरलं की दोन्ही बाजूंना सरळ कडे, वर आभाळाची पट्टी. ऊन तळाशी पोचतं ते दुपारी, तेही थोडा वेळ. आत शिरल्या शिरल्या गारवा जाणवतो तो अंगात स्वेटर असतानाही.

पण हे बघायला उभं राहायला जागा पाहिजे! पहिल्या पाण्याशी रांग लागली होती. आमची बॅच, तिच्यापुढे पुण्याची, तिच्याही पुढे कुठल्याशा कंपनीची एकसारख्या टीशर्टातली मंडळी. डोक्यावर सॅक, हातात बूट, आणि पाण्याच्या मधोमध एक मुलगा रील काढतोय, मागचे सगळे थांबलेत. पाणी पहिल्या डोहात गुडघ्यापर्यंत, दुसऱ्यात माझ्या कमरेच्याही वर. माझी भाची उंच आहे, तिचं निभावलं. कडेच्या कपारीत कुरकुऱ्यांची पाकिटं आणि एक चप्पल अडकली होती. लीडरच्या पाठीवर ‘लीव्ह नो ट्रेस’ छापलेलं होतं. त्याने पाकिटांकडे पाहिलं आणि पुढे गेला.

आता ‘सोपा’ या शब्दाबद्दल. चढ नाही, हे खरं. पण पायाखाली वाटही नाही, नुसते धोंडे. फ्रीजएवढे, काही त्याहून मोठे, काही पाय ठेवला की डुगडुगणारे. ओल्या बुटांनी त्यावरून उड्या मारत जायचं. धडधाकट पोरांना मजा येईल. गुडघेदुखी असलेल्यांना ‘सोपा’ म्हणून इथे आणणं बरोबर नाही. आमच्या बॅचमधले एक काका दुसऱ्या डोहानंतर एका दगडावर बसले ते आम्ही परत येईपर्यंत तिथेच. दोन्ही लीडर पुढे, मागे कोणीच नाही.

मग रोप पॅच आला. इथून खाली दोर लावून उतरावं लागतं आणि दरीची खरी गंमत इथूनच सुरू होते, असं सगळेच सांगतात. तिथे लीडर म्हणाला, “ईझी बॅच इथपर्यंतच.” जाहिरातीत ‘संपूर्ण दरी’ लिहिलं होतं, हे मी त्याला फोनमध्ये काढून दाखवलं. “ते मुक्कामवाल्यांसाठी आहे, मॅडम.” तोवर मी काकू होते. दोर, हेल्मेट, खाली कोकणातल्या डेहणे गावाकडे उतरणं किंवा करोली घाटाने परत वर साम्रदला चढणं, हा एका दिवसात उरकायचा कार्यक्रम नव्हेच. मग तसं छापा ना! अर्धी दरी आहे म्हटलं असतं तरी मी आले असते, फक्त त्या पैशात नाही.

जेवण मात्र झकास. साम्रदच्या एका घरी पडवीत बसून चुलीवरचं पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा आणि मागाल तितका भात. वाढणाऱ्या ताईंनी काकांना आधी गरम पाणी दिलं, मग ताट. त्यांना आयोजक ताटामागे किती देतात ते विचारलं. ऐकून मला जीपचे पैसे पुन्हा आठवले.

पाचपैकी दोन तारे देते. जायचंच असेल तर शनिवार-रविवार टाळा, आणि पावसाळ्यात तर नकोच, तेव्हा दरीत ओढा वाहत असतो. थंडी सरता सरता डोह उतरलेले असतात. कसाऱ्याला लोकलने उतरून चार-पाच जणांत गाडी करा, घोटी-शेंडीमार्गे साम्रद गाठा, गावातलाच वाटाड्या घ्या आणि जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा. गाडी आपली असली की रतनवाडीला थांबताही येतं.