रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला पैसे देऊन मॉडरेटर बोलावला, त्याचा रिव्ह्यू

आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा म्हणजे नुसता मासळीबाजार, म्हणून यावेळी कमिटीने बाहेरचा मॉडरेटर बोलावला (छोटी लोकल एजन्सी आहे, नाव देत नाही). नोटिशीत मॉडरेटर वाचून अर्ध्यांना वाटलं शेरोशायरी करणारा सूत्रसंचालक येणार, उरलेल्यांना वाटलं बिल्डरचाच माणूस. तसलं काही नसतं. खुर्चीत आपला अध्यक्षच बसतो, ठराव, मतदान, मिनिट्सवर सही सगळं त्याचंच, या माणसाने फक्त चर्चा भरकटू द्यायची नाही, कोण कधी आणि किती वेळ बोलणार ते बघायचं आणि स्वतःचं मत अजिबात द्यायचं नाही.

आणि ते त्याने झकास केलं. नावं आधीच लिहून घेतली, प्रत्येकाला तीन मिनिटं, एकदा बोललात की पुढचा नंबर सगळ्यांचं झाल्यावरच. एक काका "मी फाउंडर मेंबर आहे" करत मधेच उठले तर "काका, तुमचा नंबर सातवा, हे बघा लिहिलाय" एवढंच, आवाज न चढवता. आणि काका चक्क बसले!! त्यामुळे तळमजल्यावरच्या एका काकूंना पहिल्यांदाच बोलायला मिळालं, त्यांनी विचारलं बिल्डरने भाडं मधेच बंद केलं तर बँक गॅरंटी किती रकमेची आहे, आणि हॉल गप्प, कारण इतके दिवस सगळे कार्पेट एरियावरच भांडत होते.

एक गंमत, विषयाबाहेरचे मुद्दे नंतर घेऊ म्हणून तो बाजूच्या चार्टवर 'पार्किंग' असं हेडिंग टाकून लिहायचा, ही त्यांची पद्धत असते म्हणे. झालं, लोकांनी गाडीच्या नंबरसकट तक्रारी सुरू केल्या, शेवटी हेडिंग खोडलं तेव्हा कुठे थांबले.

कायद्यात मात्र कच्चा. ४ जुलै २०१९ च्या जीआरमध्ये रिडेव्हलपमेंटसाठी दोन तृतीयांश कोरम आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्के संमती म्हटलंय, हा हजर असलेल्यांचं बहुमत पुरे म्हणून मोकळा, सेक्रेटरींनी तिथल्या तिथे थांबवलं म्हणून बरं.

साध्या एजीएमला एवढा खर्च नको, अध्यक्षाने मनावर घेतलं तर भागतं. पण बिल्डर निवडायच्या मीटिंगला जरूर बोलवा, फक्त जीआरची कॉपी आदल्या दिवशी हातात द्या आणि माइक आपला ठेवा, त्यांचा खरखरतो आणि पैसे वेगळे लावतात.