परदेशातली विक्री: वितरक नेमायचा की स्वतःची कंपनी उघडायची?

मालाला बाहेरच्या देशात गिऱ्हाईक आहे हे कळून चुकलंय, सुट्या ऑर्डरी जायला लागल्यात, आणि आता तो बाजार एखाद्या वितरकाच्या हाती द्यायचा की तिथे स्वतःची विक्री कंपनी थाटायची, अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी हे लिहितो आहे. वितरक म्हणजे कोण, उपकंपनी म्हणजे काय हे सांगत बसत नाही. माझ्यासमोर यंत्रं, उपकरणं, सुटे भाग असा माल आहे, ज्याला विकल्यानंतरही सेवा लागते. विकून मोकळं व्हायच्या मालाचा हिशेब वेगळा असू शकतो.

व्यवस्थापनाच्या वर्गात याचा एक क्रम शिकवतात. योहानसन आणि व्हाल्ने या संशोधकांनी 1977 मध्ये मांडलेलं उप्साला मॉडेल स्वीडिश कंपन्यांच्या वाटचालीवरून आलं. आधी अधूनमधून निर्यात, मग एजंट (कमिशनवर सौदे आणून देणारा) किंवा वितरक, मग विक्री कंपनी, शेवटी कारखाना. बाजाराचं ज्ञान काम करता करताच येतं आणि ज्ञान वाढेल तशी गुंतवणूक वाढवावी, हा त्यामागचा विचार. क्रम शहाणपणाचा आहे. पण वितरकाबरोबर घालवलेल्या वर्षांत ते ज्ञान तुमच्याकडे साठतं, असं त्यात धरलेलं असतं, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. ज्ञान साठतं, पण ते वितरकाच्या कपाटात.

वितरकाकडून दर तिमाहीला येणारा कागद बघा. मॉडेल, नग, रक्कम, असे तीन रकाने. माल शेवटी कोणाकडे गेला, कुठल्या शहरात गेला, कोणता सिरीयल नंबर कुठे बसवला, यातलं काही नाही. समजा चार तिमाहींत त्याने 40, 60, 60 आणि 10 नग उचलले. कारखान्यात तिसऱ्या तिमाहीला जादा पाळी सुरू होते आणि चौथ्या तिमाहीला सगळ्यांचे चेहरे पडतात. प्रत्यक्षात त्याची विक्री दर तिमाहीला 35 नगच होती. मधल्या दोन खेपांत त्याने वर्षअखेरच्या सवलतीचा टप्पा गाठायला गोदाम भरून ठेवलं, आणि तिसऱ्या तिमाहीअखेर त्याच्याकडे 55 नग पडून होते. मागणी वाढलीही नव्हती आणि घटलीही नव्हती.

तक्रारींचं तर याहून वाईट. एका पंपाचं सील गळतं. वितरकाचा तंत्रज्ञ जातो, जवळचं सील बसवतो, जॉब कार्डावर स्थानिक भाषेत अर्धी ओळ लिहितो. असं वर्षभरात बारा ठिकाणी होतं. तुमच्यापर्यंत येतं ते वर्षअखेरच्या वॉरंटी दाव्यात: ‘सील, 12 नग’. दोष एकाच बॅचमध्ये होता, की गिऱ्हाईक भलतंच क्लिनिंग रसायन वापरत होतं, की यंत्र ठरलेल्या तासांपेक्षा जास्त चाललं होतं, हे आता शोधणार कसं? त्यासाठी सिरीयल नंबर, चाललेले तास, वापरलेलं द्रव आणि काढलेल्या सीलचा फोटो, एवढ्या चार गोष्टी त्याच दिवशी हव्या होत्या. सील केव्हाच कचऱ्यात गेलेलं असतं आणि तीच बॅच इकडे अजून वापरात असते.

माझ्यापुरता निकाल या एका त्रासाने लावला. किंमत, मार्जिन, उधारी यांवर वितरकाशी बोलून मार्ग निघतो. गिऱ्हाइकांची नावं मागितली की मात्र घोडं अडतं. त्यात त्याचा खोटेपणा नाही, हेही सांगायला हवं. ती यादी हेच त्याचं भांडवल. ज्या दिवशी ती तुमच्या हाती येईल त्या दिवशी आपली गरज संपेल ही त्याची भीती अगदी रास्त आहे, आणि तुमच्या मनात तसं काही नसलं तरी ती जात नाही.

करारात कलम घालून नावं मागता येतात, पण त्याचीही किंमत असते. जर्मन व्यापारी संहितेचं कलम 89बी मुळात एजंटांसाठी आहे. वितरक तुमच्या विक्रीव्यवस्थेत एजंटासारखा गुंफलेला असेल आणि गिऱ्हाइकांची माहिती देणं कराराने त्याच्यावर बंधनकारक असेल, तर तिथली न्यायालयं तेच कलम वितरकालाही लावतात. मग करार संपवताना भरपाई द्यावी लागू शकते. तिची कमाल मर्यादा एका वर्षाच्या कमिशनएवढी, तीही मागच्या पाच वर्षांच्या सरासरीने. बेल्जियममध्ये एकाधिकार दिलेल्या वितरकाचा बेमुदत करार 1961 च्या कायद्यामुळे पुरेशी नोटीस किंवा भरपाई दिल्याशिवाय तोडता येत नाही, आणि मुदतीचा करार पुन्हा पुन्हा वाढवत गेलात तर तो बेमुदत धरला जातो. नेमायला एक पत्र पुरतं, काढायला वकील लागतो.

यावर यंत्रावर क्यूआर कोड लावण्याची पळवाट आहे. गिऱ्हाइकाने थेट तुमच्याकडे नोंदणी केली तर वॉरंटी एक वर्ष वाढवून द्यायची. निम्मं काम होतं. मोठे कारखाने नोंदणीच्या भानगडीत पडत नाहीत, आणि खरी माहिती हवी असते ती त्यांचीच.

आता वितरकाचं पारडं. ते हलकं नाही. त्याची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे त्याची टोपली. खरेदी विभाग त्याच्याकडून दोनशे वस्तू घेतो, म्हणून त्याला दारात घेतलं जातं. तुमची एकच वस्तू घेऊन गेलेल्या विक्रेत्याला तीच वेळ मिळायला सहा महिने लागू शकतात. बुडीत उधारी त्याची, गोदाम त्याचं. तुम्ही आपल्या चलनात बिल केलंत तर तिथल्या चलनाची घसरणही त्याच्याच माथी. छोट्या बाजारात तर स्वतःची कंपनी आकड्यातच बसत नाही.

तो आकडा असा काढा. अंतिम किमतीत वितरकाचं मार्जिन 30 टक्के आहे असं धरा. ते काम तुम्ही अंगावर घेतलंत तर गोदाम, पोचवणी, सेवा, बुडीत येणी यांत 12 टक्के जातील असं समजा. उरले 18. उपकंपनीचा वर्षाचा ठरलेला खर्च, म्हणजे माणसं, जागा, लेखापाल, ऑडिट, विमा, 100 धरला तर अंतिम विक्री साधारण 555 च्या पुढे गेली पाहिजे. ठरलेल्या खर्चाच्या साडेपाच पट. यात अडकलेलं भांडवल धरलेलं नाही, आणि नेमकं तेच बहुतेक जण विसरतात. माल जहाजावर 35 दिवस, गोदामात 60 दिवस, गिऱ्हाइकाची उधारी 60 दिवस, म्हणजे 155 दिवसांच्या विक्रीइतका पैसा बाहेर. वितरक असताना तो माल पोचल्यापासून 30 दिवसांत पैसे देत असेल, तर तिथे 65 दिवसांतच सुटका होती.

उपकंपनीची नोंदणी सोपी असते, घोळ बँक खात्याचा होतो. संस्थापनपत्र, संचालकांचा ठराव, मालकांची ओळखपत्रं, सगळ्यावर नोटरी आणि 1961 च्या हेग करारानुसार अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का. बँक ताजे कागद मागते, आणि तुमचे कागद शिक्के घेऊन येईपर्यंत शिळे झालेले असतात. खातं नाही म्हणून भाडेकरार अडतो, पत्ता नाही म्हणून कर नोंदणी अडते, आणि कर नोंदणीअभावी पहिला कंटेनर बंदरात भाडं खात उभा राहतो. म्हणून बँक आधी ठरवा, तिची कागदांची यादी लेखी घ्या आणि मगच नोटरीकडे जा. आयातदार म्हणून नोंदणी होईपर्यंत माल पाठवू नका. घाईने डीडीपी (शुल्क भरून पोचवण्याच्या) अटीवर पाठवलात तर आयातीचा कर तुम्हीच भरायचा आणि नोंदणी नसल्याने तो परत मिळवताना नाकीनऊ येतात.

दुसरी डोकेदुखी आपल्याच कंपनीला विकायच्या किमतीची. करखात्याला ती किंमत परक्याला लावली असती तशी हवी असते, आणि फारशी जोखीम न घेणाऱ्या विक्री कंपनीने दरवर्षी माफक पण स्थिर नफा दाखवावा अशी अपेक्षा असते. वर्षअखेरीला नफा फार दिसला म्हणून मागच्या तारखेने किंमत वाढवलीत, तर सीमाशुल्क खातं म्हणणार की आधी जाहीर केलेलं मूल्य कमी होतं, फरकाचं शुल्क भरा. किंमत उतरवलीत तर जादा भरलेलं शुल्क सहसा सहजी परत येत नाही. दर तिमाहीला नफा बघायचा आणि पुढच्या खेपांची किंमत हलवायची, हा त्यातला कमी त्रासाचा मार्ग.

आणि माणसं. वितरक असताना दोन संस्कृतींमधला सांधा तो सांभाळत होता, आता तो सांधा तुमच्याच ऑफिसात येतो. आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून डच संशोधक हॉफस्टेडने 1980 मध्ये मांडलेलं ‘सत्तेचं अंतर’ इथे रोजच्या फोनवर भेटतं. जिथे वरिष्ठाला वाईट बातमी देणं अवघड मानतात, तिथे ‘काही अडचण?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ हेच असतं, आणि बुडालेली तिमाही बुडाल्यावरच कळते. प्रश्न बदला: ‘या महिन्यात हातचे गेलेले तीन सौदे कोणते, आणि कोणाकडे गेले?’ यावर ‘नाही’ म्हणता येत नाही. विक्रीचा प्रमुख शक्यतो स्थानिकच असावा. मुख्यालयातून कोणी पाठवायचंच असेल तर ते हिशेबाच्या खुर्चीवर, आणि बँकेत दोन सह्यांची अट. नुसती मालकी हाती असून भागत नाही, हे वॉलमार्ट या अमेरिकन दुकानसाखळीच्या जर्मनीतल्या अनुभवाने दाखवलं. 1997-98 मध्ये तिथल्या साखळ्या विकत घेऊन ती शिरली आणि 2006 मध्ये 85 दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीला देऊन बाहेर पडली.

‘वितरक आहे म्हणजे त्याची जबाबदारी त्याच्यावर’ हा समज मात्र सोडा. ब्रिटनच्या 2010 च्या लाचविरोधी कायद्याचं कलम 7 कंपनीच्या वतीने काम करणाऱ्या मध्यस्थाने दिलेल्या लाचेसाठीही कंपनीला जबाबदार धरू शकतं. बचाव एकच, पुरेशी काळजी घेतल्याचे पुरावे. ज्याची गिऱ्हाइकंही माहीत नाहीत त्याच्याबाबत असे पुरावे आणणार कुठून?

मधल्या वाटांबद्दल थोडक्यात. भागीदारीतली कंपनी दिसायला सुवर्णमध्य, पण ब्रँड आणि विक्रीचं जाळं कोणाचं हे आधी बांधून घेतलं नाही तर फार महागात पडते. चीनमध्ये फ्रेंच खाद्यकंपनी डॅनोन आणि चिनी पेयकंपनी वाहाहा यांची 1996 ची भागीदारी 2007 मध्ये उघड भांडणापर्यंत आली आणि 2009 मध्ये डॅनोनने आपला 51 टक्के हिस्सा विकून संपली. दुसरी वाट म्हणजे एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्डमार्फत, म्हणजे कागदोपत्री मालक होणाऱ्या तिथल्या संस्थेमार्फत, तिथे एक-दोन माणसं ठेवणं. बाजार चाचपायला उत्तम, फक्त त्या माणसाने सौदे जवळपास पक्के करून मुख्यालयाकडे निव्वळ सहीला पाठवू नयेत. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या 2017 च्या आदर्श कर-करारानुसार तेवढ्यानेही तिथे तुमचं कायम आस्थापन (करासाठी धरलं जाणारं व्यवसायाचं ठाणं) असल्याचं मानलं जाऊ शकतं आणि नफ्यावर कर लागू शकतो.

माझा कल आतापर्यंत लक्षात आलाच असेल. वरचा साडेपाच पटीचा आकडा तीन वर्षांत गाठता येईल असं वाटत असेल, तर मी छोटी कंपनी उघडण्याच्या बाजूने झुकेन: एक विक्रेता, एक सेवा तंत्रज्ञ, भाड्याचं गोदाम. पहिल्या वर्षी तोटा दिसेल. पण पहिलं गळकं सील आठवड्याच्या आत फोटोसकट कारखान्याच्या टेबलावर येईल, आणि माझ्या लेखी त्या तोट्याची भरपाई तिथेच सुरू होते. वस्तू सेवेविना चालणारी असेल किंवा बाजार लहान असेल, तर हे मत कोणावर लादणार नाही.

वितरकच नेमायचा असेल तर पुढची सोय आजच करून ठेवा. करार दोन वर्षांचा, आपोआप न वाढणारा. एकाधिकार फक्त किमान खरेदीच्या बदल्यात. सवलत त्याच्या खरेदीवर न देता पुढे झालेल्या विक्रीवर, सिरीयल नंबर दाखवल्यावर द्या, म्हणजे गोदाम फुगवण्यात त्याचा फायदा उरत नाही आणि किमान नंबर तरी हाती येतात. पुनर्विक्रीची किंमत बांधून देऊ नका, युरोपीय स्पर्धा कायद्यात ते गंभीर उल्लंघन आहे. ट्रेडमार्क वितरकाला भेटण्याआधी स्वतःच्या नावावर नोंदवा. त्याने परवानगीविना नोंदवला तर औद्योगिक मालमत्तेच्या पॅरिस कराराच्या कलम 6 सेप्टीजचा आधार मिळतो, पण त्या भांडणात वर्षं जातात. सरकारी मंजुरी लागणारा माल असेल तर ती मंजुरी त्याच्या नावावर जाऊ देऊ नका. स्वतंत्र परवानाधारक नेमा, नाहीतर वितरक सोडला की सगळी चाचणी पहिल्यापासून. वादासाठी लवाद ठेवा, कारण 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचा निवाडा परदेशात वसूल करणं न्यायालयाच्या निकालापेक्षा सोपं जातं.

पुढे कधी त्याच्याकडून स्वतःच्या कंपनीकडे वळलात, तर उरलेला साठा कोणत्या भावाने परत घ्यायचा हे नोटिशीच्या आधी ठरवा आणि सेवेचं काम निदान सहा महिने त्याच्याकडेच पैसे देऊन ठेवा. सुटे भाग नव्या गोदामात पोचेपर्यंत नोटीस देऊच नका. बंद पडलेल्या यंत्रासमोर उभं असलेलं गिऱ्हाईक यंत्रावर चिकटवलेला जुनाच नंबर फिरवतं, आणि तो फोन वाजतो वितरकाकडे.