सिकलसेलसाठी पदयात्रा: शुल्क की किलोमीटरमागे देणगी?

जळगावात मेहरूण तलावाकाठी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी निधी जमवायला पदयात्रा काढायची, तर सरसकट २०० रुपये शुल्क हा सोपा मार्ग. हिशेब आदल्या दिवशीच पूर्ण. पण टी-शर्ट, पदक, नाश्त्यातच बरीचशी रक्कम उडते. टी-शर्ट नकोच, कापडी बिल्ला पुरे.

किलोमीटरमागे देणगीत जमतं जास्त: ५ किमी चालणाऱ्याला १० जणांनी किमीमागे २० रुपये कबूल केले, की १,००० रुपये. अडतं वसुलीत, कारण चालणं संपलं की लोक विसरतात. म्हणून दर किलोमीटरला कार्डावर शिक्का मारा, त्याचा फोटो देणगीदाराला धाडा आणि त्याच दिवशी यूपीआयने पैसे घ्या. प्राप्तिकरात वजावट हवी असणाऱ्यांकडून २,००० रुपयांवर रोख घेऊ नका. त्यावर वजावट मिळत नाही.

आमचा कौल दुसऱ्या पद्धतीला, पण डिसेंबर-जानेवारीतच. एप्रिल-मेमध्ये खान्देशी ऊन सकाळी नऊलाच चटके देतं.