पिपेटिंग रोबोसोबत आठ महिने

पुण्यातल्या आमच्या छोट्या मॉलिक्युलर बायोलॉजी लॅबमध्ये टेबलावर मावणारा पिपेटिंग रोबो, म्हणजे द्रव मोजून ओढणारं आणि वाटणारं यंत्र, येऊन आठ महिने झाले. घेताना आम्ही वेगाकडे बघितलं, आणि तिथेच अंदाज चुकला. सरावलेला हात आठ-चॅनल (एका वेळी आठ टिपांच्या) पिपेटने ९६ वेलची, म्हणजे छोट्या खळग्यांची, क्यूपीसीआर प्लेट अर्ध्या तासात भरतो. क्यूपीसीआर म्हणजे पीसीआरने डीएनएच्या प्रती वाढवत त्याचं प्रमाण मोजणं. आमच्या सिंगल चॅनल रोबोला तासाच्या वर लागतो. तरीही तो आता मी परत जाऊ देणार नाही.

कारण ट्रिप्लिकेट, म्हणजे एकच नमुना तीन वेलमध्ये भरणं. तापवण्या-थंड करण्याच्या दर सायकलला डीएनए दुप्पट होतो, म्हणजे एकाच नमुन्याच्या तीन वेलमध्ये सीटी (डीएनए मोजण्याइतका दिसू लागतो ती सायकल) अर्ध्या सायकलने हलली तरी सुरुवातीच्या डीएनएत साधारण ४० टक्क्यांची तफावत दिसते. दुपारी चारनंतर भरलेल्या आमच्या प्लेटांत हे नेहमीचं होतं. अंगठा दुखायला लागला की २ मायक्रोलिटर २ राहत नाहीत. आता पहिली ओळ आणि शेवटची ओळ सारखी येते.

पहिले दोन महिने मात्र खूप मनस्ताप झाला. डीएनएच्या प्रती बनवणारं एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये, म्हणजे घट्ट द्रवात, येतं. हाताने घेताना आपण नकळत सावकाश ओढतो, टिप ट्यूबच्या कडेला टेकवतो. रोबोने ते पाण्याच्या वेगाने ओढलं. टिपेत निम्मी हवा, टोकाला थेंब लोंबकळतोय, आणि अख्खी प्लेट वाया. पायथनच्या स्क्रिप्टमध्ये वेग कमी करून, ओढल्यावर दोन सेकंद थांबायला लावलं तेव्हा फरक पडला. पण खरा उपाय वेगळाच निघाला: एन्झाइम मी हातानेच मास्टर मिक्समध्ये (सगळ्या वेलसाठी एकत्र केलेल्या मिश्रणात) घालते आणि रोबो फक्त मिक्स वाटतो. पीसीआरच्या सुरुवातीच्या काळात सीटस कंपनीत ‘मिस्टर सायकल’ नावाचं मशीन होतं. उष्णतेने निकामी होणारं एन्झाइम दर सायकलला नव्याने घालण्यासाठी ते होतं. उष्णता सोसणारं टॅक हे एन्झाइम आलं आणि ते कामच उरलं नाही. मशीनशी झगडण्याआधी प्रोटोकॉल बदलता येतो का, हे आधी बघावं.

मॅग्नेटिक बीड क्लीनअपमध्ये, म्हणजे चुंबकीय कणांना डीएनए चिकटवून तो धुऊन घेताना, ८० टक्के इथेनॉल टिपेतून गळायचं. इथेनॉल ओढून झाल्यावर थोडी हवा ओढायला लावली की थांबतं. बीड्स वाळवणं मात्र मी रोबोवर सोडत नाही. तो ठरलेली मिनिटं मोजतो. पावसाळ्यात तेवढी पुरत नाहीत आणि उन्हाळ्यात बीड्सना भेगा पडतात, मग डीएनए नीट सुटत नाही. बीड्सची ओली चमक गेली की लगेच डीएनए सोडवणारं बफर घालायचं, हे डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

सर्व्हिसबद्दल नाराज आहे. एका बिघाडासाठी इंजिनिअर यायला तीन आठवडे लागले, तेवढे दिवस सगळ्या प्लेटा हातानेच भरल्या. आठवड्याला दोन-तीन प्लेटाही होत नसतील तर चांगलं आठ-चॅनल पिपेट घ्या.

नवी स्क्रिप्ट मी आजही आधी खायचा रंग घातलेल्या पाण्यावर चालवते. प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवून बघते. एखादा वेल जरी फिकट दिसला तरी त्या दिवशी नमुने फ्रीजरबाहेर काढत नाही.